रेकॉर्डची पट्टी आणि माझी

माझ्या नवऱ्याने माझं गाणं कधी ऐकलं नाही. आमच्या ओळखीच्यांना हे सांगितलं तर ते मला वेड्यात काढतील, कारण तो ऑर्केस्ट्राचा कीबोर्डवाला होता आणि मी त्याच ऑर्केस्ट्राची गायिका. कल्याणपासून कर्जतपर्यंत आम्ही दोघं एका स्टेजवर उभे राहिलो नाही असं मैदान शोधावं लागेल. पण तिथे मी जे गायचे ते माझं नव्हतं. जे माझं होतं ते त्याने ऐकावं आणि ऐकून एकदा मान डोलवावी, एवढंच मला हवं होतं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, शाली दिल्या, एका चॅनेलवाल्याने घरी येऊन मुलाखत घेतली. त्याचं मला कौतुक आहेच, नाही कशाला म्हणू. हवी ती दाद मात्र घरातच अडून बसली होती.

माझा आवाज आईचा. आई अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तिथे मशीन वरच्या सुरात किंचाळायचं, म्हणून बायका त्याच्या खालून गायच्या. वरून ओरडलं तर शेजारणीलाही ऐकू जात नसे. खालून, छातीतून गायलं की गाणं ओळीच्या टोकापर्यंत पोचायचं. सुपरवायझरला वाटायचं, बायका नुसती तोंडं हलवतायत. गाणी त्यांचीच होती, कोणी एकीने ओळ टाकायची, दुसरीने जोडायची. पाळण्याची, जयंतीची, सासरी मेलेल्या मैत्रिणीची, दप्तर घेऊन निघालेल्या पोरीची. आई ती घरी भाकऱ्या थापतानाही तशीच खालून म्हणायची. मी शाळेत बक्षिसासाठी गळा ताणून गायचे तेव्हा ती वैतागायची. “बये, वर काय ठेवलंय? खाली ये. पोटातून काढ.”

पेटीवरच्या ज्या पट्टीला सा धरून माणूस गातो ती त्याची पट्टी. चपलेसारखी ती ज्याची त्याची असते, दुसऱ्याची घातली तर चालता येतं पण चावते. माझी काळी दोन. बायकांच्या मानाने फारच खालची.

नवरा मला भेटला तो अंबरनाथच्या एका जयंतीच्या कार्यक्रमात. मी कॉलेजात होते, तो एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत शिफ्टला जायचा आणि सुटीच्या दिवशी कीबोर्ड वाजवायचा. मी हौसेने सिनेमातलं एक गाजलेलं गाणं घेतलं, तेही रेकॉर्डच्याच पट्टीत. जेवढा ताणता येईल तेवढा गळा ताणला आणि कशी कोण जाणे, आवाज पोचला. त्याने वाजवता वाजवता मान वर करून माझ्याकडे बघितलं. तसं बघणारं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं. मी त्या बघण्यावर फिदा झाले, दुसरं काही नाही.

लग्नाआधीच मी त्याच्या ऑर्केस्ट्रात गेले. तालीम उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, फर्निचरच्या दुकानामागच्या खोलीत. दुकान शेठचं आणि ऑर्केस्ट्राही शेठचाच. सिंधी माणूस, मनाने मोठा, गाण्याचा शौकीन. मला ‘अदी’ म्हणायचा, म्हणजे ताई, वयाने मी त्याच्या मुलीएवढी असून. पार्ट्यांची बुकिंग तो घ्यायचा आणि संगीत सगळं माझ्या नवऱ्याचं. या धंद्यात गाणाऱ्याला स्वतःचं नाव नसतं. प्रत्येक जण कोणाचा तरी ‘व्हॉइस’ असतो. एक जण सिनेमातल्या एका गायकाचा व्हॉइस, दुसरा दुसऱ्याचा. मी ज्या गायिकेची व्हॉइस होते त्यांना आम्ही आपसात ‘मोठ्या बाई’ म्हणायचो. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांचा यात काय दोष? निवेदक माइकवर गर्जायचा, “और अब आ रही हैं, व्हॉइस ऑफ…” की पुढे मोठ्या बाईंचं नाव, आणि पब्लिक शिट्ट्या मारायचं. उल्हासनगरात हव्या त्या वस्तूची हुबेहूब नक्कल मिळते असं लोक थट्टेने म्हणतात. घ्या, त्यातली एक मी.

नवऱ्याची थट्टा मात्र मला करवत नाही. त्याच्यासारखा कान मी आजवर पाहिला नाही. रेकॉर्डमध्ये दोन ओळींच्या मधे जे संगीत असतं, ते तो एकेक वाद्य वेगळं काढून बसवायचा. मागे कुठेतरी एक घुंगरू एकदाच वाजलेलं असायचं, तेही तो सोडायचा नाही. कंपनीतून डोळे लाल करून यायचा, जेवायचा आणि कानाला हेडफोन लावून बसायचा. रेकॉर्ड जशीच्या तशी उभी करणं हा त्याचा धर्म होता. त्याच्या कीबोर्डवर एक बटण होतं. ते दाबलं की बोटं तीच ठेवून सगळं गाणं हवं तेवढं खाली उतरतं, गाणाऱ्याच्या गळ्याच्या सोयीने. त्याने त्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली होती. कोणी विचारलं तर म्हणायचा, “आपल्याकडे ओरिजिनल मिळतं.”

त्या ओरिजिनलमध्ये माझा गळा रोज सोलून निघायचा. कार्यक्रमानंतर मला नीट बोलताही यायचं नाही. तो मात्र तेव्हा इतका खूश असायचा की मीही खूश व्हायचे. बदलापूरला, शिरगावात आम्ही फ्लॅट घेतला, आई आमच्याकडे राहायला आली. ती मला स्टेजवर बघायला एकदाच आली. घरी परतल्यावर मी विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, “बाई चांगली गात होती. तू कुठं होतीस?” नवरा हसला. मी नाही हसले. त्याच वर्षी आई गेली.

आई गेल्यावर तिची गाणी माझ्या तोंडात यायला लागली, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. त्याच दिवसांत अंबरनाथच्या एका शाळेतल्या बाईंनी मला नाटकात बोलावलं. त्या हौशी नाटकं बसवायच्या. त्या वेळी त्यांचं नाटक एका कारखान्यातल्या विधवेवर होतं आणि त्यांना गाणारी नटी हवी होती. नगरपालिकेच्या शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला लावून तालीम चालायची. पहिल्याच दिवशी मी गाण्याची ओळ घेतली आणि बाईंनी हात वर केला. “थांब. तू बोलतेस त्या आवाजात एक बाई आहे. गायला लागलीस की ती कुठे जाते?”

मला रडूच फुटलं. मी म्हटलं, बाई, ती खाली राहते. त्या म्हणाल्या, मग तिला घेऊन ये.

मी काळी दोनमध्ये आईचं गाणं म्हटलं, ते दप्तरवाल्या पोरीचं. लग्नानंतर पहिल्यांदा चार लोकांत माझ्या गळ्याने मी गायले. गळा दुखला नाही, ताण नाही, शब्द सगळे जागच्या जागी. बाईंनी ते गाणंच नाटकात घातलं आणि त्याच्याभोवती एक प्रवेश नव्याने लिहिला. अभिनय मला कोणी शिकवला नव्हता. पण मशीनसमोर उभ्या बायका मी लहानपणापासून बघत आले होते, त्या अंगात आपोआप उतरल्या. स्पर्धेत नाटक गाजलं. अंबरनाथच्या बाजारात अनोळखी बायका थांबवून हात धरायच्या.

नवरा नाटकाला आला नाही. त्या दिवशी शेठची पार्टी होती म्हणाला, आणि ती खरंच होती. मी घरी त्याला म्हटलं, “अहो, इथेच म्हणून दाखवते ना.” तो हेडफोन एका कानावरून सरकवून म्हणाला, “नाटकात खालचं चालतं गं. आपल्या लाइनीत पब्लिक झोपेल.” मग हेडफोन परत कानावर. रागाने नाही, हं. त्याचं खरंच काम अडलं होतं.

पुढे मुंबईचा एक निर्माता आला. त्याला नाटक धंद्याच्या रंगभूमीवर न्यायचं होतं आणि भूमिकेला मीच हवी होते. माझे पाय जमिनीवर ठरेनात. मग तो म्हणाला, गाणं आपण एका नावाजलेल्या गायिकेकडून रेकॉर्ड करून घेऊ, जाहिरातीत नाव टाकता येईल. तुम्ही फक्त ओठ हलवा. शाळेतल्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मी विचारलं, आईचं गाणं, आईच्या आवाजात मी गातेय, त्यात दुसरी बाई कशाला? निर्माता समजुतीच्या सुरात म्हणाला, “ताई, तुमची अ‍ॅक्टिंग कमाल आहे. आवाज जरा पुरुषी येतो.” मी नाही म्हटलं. गाणंही देणार नाही म्हटलं. नाटक गेलं, दुसऱ्या नटीबरोबर, दुसऱ्या गाण्यासकट. बाईंनी ते जाऊ दिलं, आणि मी त्यांच्यावर रुसलेही नाही, त्यांचंही ते पहिलंच मोठं नाटक होतं.

त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो मटार सोलत बसला होता. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ओठच तर हलवायचे होते.”

या चार शब्दांनी मला जेवढं लागलं तेवढं निर्मात्याच्या बोलण्याने लागलं नाही. इतकी वर्षं मी त्याच्यासाठी तेच करत आले होते, हे मला त्या मटारांसमोर कळलं. फरक इतकाच की गळाही मीच फाडत होते.

पुढच्या तालमीला मी शेठच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं, आजपासून माझ्या पट्टीत वाजवणार असाल तर गाते. शेठने कपाळाला हात लावला. “अदी, पब्लिक को रेकॉर्ड जैसा मंगता है. मैं किसको क्या बोलूं?” मी शेठकडे बघतच नव्हते. नवऱ्याने कीबोर्डवर हात ठेवले होते, त्यांच्याकडे मी बघत होते. नखाने ती चिकटपट्टी काढायची, एवढंच काम. त्याने हात मांडीवर घेतले आणि म्हणाला, “गाणं बनवणाऱ्याने जिथे ठेवलंय तिथेच ते ठेवायचं असतं. माझ्याच्याने नाही होणार.” मी पर्स उचलली आणि रिक्षा स्टँडवर आले. तो मागून आला. मला वाटलं, समजूत काढायला. “घरची किल्ली तुझ्याकडेच आहे,” म्हणाला. मी किल्ली दिली. मग आम्ही एकाच रिक्षाने स्टेशनला गेलो, करणार काय?

माझ्या जागी कल्याणची एक मुलगी आली. नवऱ्याने तिला घडवलं, तीही मोठ्या बाईंची व्हॉइस झाली. मी तिच्यावर जळले का? जळले. तिच्या गळ्यावर नाही. तिच्याकडे तो मान वर करून बघत असेल, त्यावर.

मग मी माझा कार्यक्रम उभा केला. एक पेटी, एक ढोलकी आणि मी. आईची आणि तिच्या मैत्रिणींची गाणी, मधे मधे मी त्या बायका करून दाखवायचे. कोणी लंगडत यायची, कोणी पान खायची, कोणी नवऱ्याचा मार पदराने झाकून लाइनीत उभी राहायची. बदलापूरच्या सोसायट्यांचे हॉल, विहारं, महिला मंडळं, उल्हासनगरच्या शाळा, बोलावतील तिथे गेले. सुरुवातीला खुर्च्याच जास्त असायच्या. कारखान्यातल्या म्हाताऱ्या बायका यायच्या आणि खालून माझ्यात सूर मिसळायच्या, तेव्हा मला आई दिसायची. हळूहळू नाव झालं. माझं नाव, कुणाचा व्हॉइस म्हणून नाही. बॅनरवर ते पहिल्यांदा छापून आलं तेव्हा मी ते रस्त्यात उभी राहून वाचलं.

नवरा वाईट वागला असता तर किती सोपं झालं असतं. तो कार्यक्रमाच्या दिवशी माझी पेटी स्वतः उचलून खाली आणायचा, रिक्षात नीट लावून द्यायचा, थर्मासमध्ये गरम पाणी भरून द्यायचा. “जपून जा” म्हणायचा आणि जिन्याकडे वळायचा. मी दर वेळी विचारायचे, येता का? तो दर वेळी काहीतरी काम काढायचा. अंबरनाथला एकदा हॉलचं दार उघडं होतं आणि गाताना मला गेटपाशी त्याची स्कूटर दिसली. तो स्कूटरवर बसलेला होता, पाठमोरा, डोक्यात हेल्मेट. गाणं संपलं तेव्हा स्कूटर नव्हती. घरी मी विचारलं, आला होतात? म्हणाला, त्या बाजूला काम होतं. हेल्मेटमधून माणसाला गाणं ऐकू जातं का, हे मी नंतर स्वतः घालून बघितलं. मोबाइलवर माझंच गाणं लावून. काहीतरी गुणगुण येते, शब्द कळत नाहीत.

मग त्याला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. ज्या हाताने तो सगळी रेकॉर्ड उभी करायचा तो हात उशीवर ठेवला की तिथेच राहायचा. मी कार्यक्रम घेणं बंद केलं. त्याला भरवायचे, पुसायचे, व्यायाम करून घ्यायचे. एवढी वर्षं आमच्या घरात गाण्याचा विषय टाळला जायचा, आता टाळायला दुसरा विषयच उरला नव्हता. तो डाव्या हाताने चादरीवर बोटं चालवायचा. मी ओळखायचे कुठलं गाणं ते.

एका दुपारी तो म्हणाला, “ते म्हण ना.” जीभ जड होती, पण मला कळलं. अंबरनाथला पहिल्यांदा गायले होते ते. मी विचारलं, “माझ्या पट्टीत म्हणू?” त्याने मान हलवली. “नको. ते… तसं नाहीये.”

आजारी माणसाशी कोण भांडणार? आणि खरं सांगू, मला त्या क्षणी भांडायचं नव्हतंच. त्याला जे हवं ते द्यायचं होतं, माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवून. मी मोबाइलवर सूर लावला, रेकॉर्डचा. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसरीत आवाज वर चढला आणि तुटला. परत घेतली, परत तुटला. इतकी वर्षं मी तिकडे गेलेच नव्हते, गळा तो रस्ता विसरला होता. त्याने डोळे मिटले होते. मी तिसऱ्यांदा श्वास घेतला तेव्हा त्याने डावा हात माझ्या हातावर ठेवला. “राहू दे.”

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. माझा आवाज त्याला नको होता आणि त्याला हवा तो आवाज आता माझ्याकडे नव्हता. आमच्यात द्यायला-घ्यायला काही म्हणता काही उरलं नव्हतं. आणि त्याला चहा हवा होता म्हणून मी चहा टाकला. पुढे काही दिवसांनी तो गेला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी शोकसभा ठेवली, बदलापूरलाच, विहाराच्या हॉलमध्ये. सगळा ऑर्केस्ट्रा आला. शेठ आता काठी टेकत चालतो, तरी आला. कल्याणची मुलगी आली, तिच्या कडेवर तिचं बाळ. वंदना झाली, कंपनीतले दोघं बोलले. मग आमचा जुना निवेदक उठला. सद्गदित होऊन बोलत होता बिचारा, चांगलं बोलत होता. शेवटी म्हणाला, त्यांना खरी श्रद्धांजली सुरांचीच, म्हणून मी विनंती करतो, येत आहेत, व्हॉइस ऑफ… आणि मोठ्या बाईंचं नाव त्याच्या तोंडून निघून गेलं. जिभेला लागलेली सवय. त्याने जीभ चावली. मागे कोणी तरी सवयीनेच दोन टाळ्या वाजवल्या आणि गप्प झालं. नवऱ्याच्या जागी आलेल्या पोराने कीबोर्डवर माझ्या त्या पहिल्या गाण्याची सुरुवात वाजवायला घेतली, रेकॉर्डसारखी, घुंगरासकट.

मी हाताने थांबवलं. पेटीही मागितली नाही. नवऱ्याच्या फोटोकडे तोंड करून उभी राहिले आणि काळी दोनमध्ये आईचं गाणं म्हटलं, दप्तरवाल्या पोरीचं. फोटोतल्या माणसाला कामं काढता येत नाहीत. त्याला ऐकावंच लागलं. मी सावकाश गायले, एकेक ओळ त्याला समोर ठेवून. आवाज कुठे हलला नाही. मी आयुष्यात इतकं चांगलं कधी गायले नसेन, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

गाणं संपल्यावर हॉलमध्ये बायका डोळे पुसत होत्या. मला वाटलं, पोचलं. नवऱ्याला नाही तर नाही, त्याच्या माणसांना तरी पोचलं. शेठ काठी टेकत टेकत माझ्यापर्यंत आला, माझे दोन्ही हात हातात घेतले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“अदी,” तो म्हणाला, “रो रो के आवाज बैठ गई तेरी.”

मागून कल्याणची मुलगी म्हणाली, “हो ना, ताईंचा गळा पार बसलाय.”

मी म्हटलं, “शेठ, बैठी नहीं है. मेरी आवाज यही है.”

“हां बेटा, हां,” त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. “थोडे दिन में ठीक हो जाएगी. पहले जैसी हो जाएगी.”

मी पुन्हा सांगणार होते. पण तो म्हातारा खरोखर माझ्यासाठी रडत होता.